बाबांच्या फोनचा फॅक्टरी रीसेट: दहा मिनिटांचे काम आणि त्याआधीचे दोन दिवस

दिवाळीत साताऱ्याला गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी बाबांनी त्यांचा फोन माझ्या हातात ठेवला. २०२० साली घेतलेला, ३२ जीबी क्षमतेचा तो अँड्रॉइड फोन साधा नंबर लावायलाही अर्धा मिनिट घेत होता आणि कुलूप उघडताच कर्जाच्या व पत्त्यांच्या खेळांच्या जाहिराती पडदाभर पसरत होत्या. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त फोनसोबत आलेली ॲप्स चालतात अशा स्थितीत, फोन सुरू केल्यावर जाहिराती थांबल्या, म्हणजे दोष नंतर घेतलेल्या एखाद्या ॲपचा होता, हे कळले. फोनची सफाई करून देतो म्हणणारी तीन ॲप्स मी काढून टाकली, तरी जाहिराती येतच राहिल्या. मोकळी जागा जेमतेम ४०० एमबी उरली होती. एकेक ॲप हुडकत बसण्यापेक्षा फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे फोनमधले सगळे पुसून तो मूळ स्थितीत न्यावा, असे मी ठरवले. बाबांनी एवढेच विचारले, "त्यात माझं सगळं जाईल का रे?"

जे फक्त फोनमध्ये आहे ते जाईल, असे उत्तर मी दिले खरे. पण फक्त फोनमध्येच असलेले नेमके काय, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

सुरुवात गूगल खात्यापासून केली, कारण त्या बाबतीत एकदा हात पोळलेला होता. काही वर्षांपूर्वी मेहुण्याचा पॅटर्न विसरलेला फोन मी बटणे दाबून रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे कुलूप न उघडताही मिळणाऱ्या दुरुस्तीच्या यादीत, नेला आणि तिथून पुसून टाकला. फोन कोरा झाला, पण सुरू होताच त्याने पूर्वीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागितला. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, चोरीच्या फोनचा उपयोग होऊ नये यासाठी हे संरक्षण आहे. पासवर्ड आठवत नसेल तर मालकालाही ते चोरासारखेच वागवते. तो फोन आठवडाभर निकामी पडून होता.

बाबांच्या बाबतीत घोटाळा वेगळाच निघाला. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानेच त्यांचे खाते उघडून दिले होते. खात्याचा ईमेल पत्ता सेटिंग्जमध्ये दिसत होता, पण पासवर्ड बाबांनी कधी पाहिलेलाच नव्हता. निदान खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्यांचा स्वतःचा होता, हे नशीब! त्यावर आलेल्या कोडच्या आधारे नवा पासवर्ड ठरवला आणि त्यांच्या डायरीत, त्यांच्याच अक्षरात लिहून घेतला. पासवर्ड बदलल्यावर रीसेट करण्यापूर्वी चोवीस तास थांबावे, अशी गूगलची सूचना आहे. त्यामुळे तो दिवस आपोआपच आवराआवरीसाठी मिळाला, आणि तो नसता तर मी घाईत बरेच काही गमावले असते.

संपर्कयादीत साडेतीनशेच्या आसपास नावे होती. ती सगळी गूगल खात्यात असतील असे मी धरून चाललो होतो. तपासले तर शंभराहून अधिक नावे 'फोन' या जागी आणि काही सिम कार्डावर साठवलेली होती. नवा क्रमांक जतन करताना तो कुठे ठेवायचा हे फोन विचारतो आणि घाईत जो पर्याय समोर येईल तो दाबला जातो, त्याचा हा परिणाम. सगळ्या नावांची एक फाइल काढून ती माझ्या लॅपटॉपवर घेतली आणि शिवाय त्यांच्या खात्यातही चढवली.

व्हॉट्सॲपने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. त्याचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, पण आता तो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजला जातो, आणि त्याच जागेत मेल व छायाचित्रेही बसवायची असतात. बाबांच्या फोनमध्ये सुप्रभात, शुभ सकाळ आणि चतुर्थीच्या शुभेच्छांची हजारो चित्रे होती. ती निवडून पुसण्यात अख्खी दुपार गेली. मध्येच एखादे चित्र बाबांना ठेवावेसे वाटे आणि मग त्यावर वाटाघाटी होत. बॅकअप पूर्ण झाल्यावर त्याची तारीख, वेळ आणि तो कोणत्या खात्यात गेला आहे, हे तिन्ही पाहून घेतले.

छायाचित्रे केबल लावून लॅपटॉपवर उतरवली. त्याच वेळी रेकॉर्डरच्या फोल्डरमध्ये भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांच्या साठ-सत्तर फाइली सापडल्या, ज्यांची एकही प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. बाबांनीही त्यांचा उल्लेख केला नव्हता, कारण फोनमध्ये त्या 'आहेतच' असे त्यांच्या मनात पक्के होते.

प्रत्यक्ष रीसेटविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. बॅटरी पूर्ण भरली, मेमरी कार्ड काढून ठेवले, सेटिंग्जमधून गूगल खाते काढून टाकले आणि रीसेटच्या पर्यायांतील सर्व डेटा मिटवण्याचा पर्याय निवडला. फोनने पिन विचारला, पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि तो बंद होऊन चालू झाला. दहा मिनिटांच्या आत भाषा निवडण्याचा पडदा समोर आला. एवढ्यात ३२ जीबी पुसून झाले कसे, असे बाबांनी विचारले. या फोनमधील माहिती मुळातच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, स्वरूपात साठवलेली असते. रीसेट करताना तिची किल्ली नष्ट होते आणि मागे उरते ते कोणालाही न वाचता येणारे काहीतरी. म्हणूनच 'आधी पुसून टाकू, मग एखाद्या सॉफ्टवेअरने परत मिळवू' हा भरवसा अशा फोनवर ठेवता येत नाही.

मूळ स्थिती या शब्दांनीही थोडी फसगत होते. फोन २०२० सालात परत गेला नाही. मधल्या काळात अँड्रॉइडची जी नवी आवृत्ती आली होती ती तशीच राहिली, कारण रीसेटमध्ये वापरकर्त्याचा भाग पुसला जातो, प्रणालीचा नाही. फोनसोबत आलेली ॲप्स मात्र जुन्या रूपात परतली आणि इंटरनेट मिळताच ती सगळी एकदम अद्ययावत होऊ लागली. त्यामुळे पहिले दोन तास फोन आधीपेक्षाही मंद चालत होता, आणि बाबा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मी विसरलेलो नाही.

जुन्या बॅकअपमधून सर्व ॲप्स परत आणण्याचा पर्याय फोनने दिला होता, तो मी नाकारला. ज्या ॲपमुळे हा सारा उपद्व्याप झाला, तेही त्याच यादीत असणार होते. बाबा खरोखर वापरतात ती अकरा ॲप्स एकेक करून घेतली. व्हॉट्सॲपमध्ये क्रमांक पडताळून झाल्यावर लगेच जुने संदेश परत आणायचे का, असे विचारले जाते. तो पडदा वगळून पुढे गेल्यास ॲप काढून पुन्हा घ्यावे लागते, हे मी आधीच बाबांना सांगून ठेवले होते.

यूपीआय ॲपने मात्र अडवले. नोंदणीसाठी ते बँकेशी जोडलेल्या सिमवरून एक एसएमएस पाठवते, आणि बाबांच्या त्या सिमचा रिचार्ज संपलेला होता. रिचार्ज केल्यावर काम झाले. यूपीआय पिन मात्र जुनाच चालला, कारण तो फोनमध्ये साठवलेला नसतो. नव्या नोंदणीनंतरच्या पहिल्या दिवशी रकमेवर मर्यादा असू शकते, म्हणून वीजबिल त्या दिवशी माझ्या फोनवरून भरले.

रात्री पाहिले तेव्हा १७ जीबी मोकळे होते आणि जाहिरातींचा मागमूस नव्हता. मोठी अक्षरे आणि मराठी कळफलक पुन्हा लावून दिले. तेवढ्यात बाबांनी नोंदवहीचे ॲप उघडायला सांगितले. ते फोनसोबतच आलेले होते आणि त्यातील मजकूर गूगल खात्यात कधी जातच नव्हता. दुधाचा आणि पेपरचा तीन वर्षांचा हिशेब, दोन विमा पॉलिसींचे क्रमांक, असे बरेच काही त्यात होते. मी सगळे फोल्डर पाहिले होते, पण ॲपच्या पोटात असलेला मजकूर फोल्डरमध्ये दिसत नाही, हे लक्षात घेतले नव्हते. पॉलिसींचे क्रमांक कपाटातल्या कागदांवरून मिळाले; हिशेब गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी थायरॉइडच्या गोळीचा पहाटे साडेपाचचा गजरही वाजला नाही. सवयीने जागे झालेले बाबा सहा वाजेपर्यंत अंथरुणात त्याची वाट पाहत पडून राहिले आणि मग मला उठवायला आले.