मागं बँकर लावलाय का?

सहलीच्या फॉर्मात ‘चालण्याबाबत काही अडचण’ असा एक रकाना असतो. त्यात ‘व्हीलचेअर’ लिहिलेलं दिसलं की डोंगरातल्या रेल्वेच्या दिवशी मी ठरलेलं वाक्य टाकायचो, “आजी, आज तुम्ही हॉटेलवर आराम करा, वर थंडी फार असते.” थंडीचं निमित्त असायचं. बत्तीस माणसं सांभाळायची, त्यात ही गाडी चुकली तर पुढची तासाभरानं, आणि स्विस गाडी कुणाच्या खुर्चीसाठी थांबत नाही. टूर मॅनेजरकीच्या अकरा वर्षांत हे वाक्य किती जणांना ऐकवलं त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तेच बरं.

त्या खेपेला मात्र हे वाक्य आजींनीच मला ऐकवलं. “बाबा, उद्या मी इथंच बसते. तुम्ही या जाऊन.”

कारण मला माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका डोंगरी मार्गावर आमच्या वाट्याला जुना डबा आला होता. दार अरुंद आणि आत चढायला तीन उंच लोखंडी पायऱ्या. आमच्याच ग्रुपमधल्या दोघांनी आजींना उचलून वर घेतलं. वर घेताना साडी गुडघ्यापर्यंत सरकली आणि फलाटावरच्या एका माणसानं भलेपणानं मान फिरवली. ते भलेपण आजींना जास्त लागलं असावं. दिवसभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

वय अठ्ठ्याहत्तर. सगळी हयात कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेली. यजमान ड्रायव्हर, त्यातली बरीच वर्षं बँकरवर, म्हणजे बोरघाट चढताना गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर. सोबत डोंबिवलीची लेक होती. या वेळी मी आधीच फोन करून चौकशी केली होती. कूरहून सेंट मॉरिट्झला जाणारी गाडी नव्या बनावटीची, दाराशी जमीन खाली घेतलेली, असं समजलं. आजींना म्हटलं, “फलाटापर्यंत तर चला. पायरी दिसली तर मीही तुमच्याबरोबर परत फिरतो.” बोलून बसलो आणि रात्रभर झोप नाही. पायरी निघालीच तर एकतीस माणसांना वर कोण नेणार?

सकाळी कूरच्या फलाटावर लाल गाडी लागली आणि दार उघडलं. फलाट आणि डब्याची जमीन जवळजवळ एका रेषेत. लेकीनं खुर्ची ढकलली, चाकं एकदा खट्ट वाजली, आजी आत. मी मदतीला पुढे केलेले दोन्ही हात तसेच राहिले. आजींनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “झालं?”

आत खुर्चीसाठी मोकळी जागा होती, खिडकीलगतच. खिडकी एवढी खाली आलेली की बसल्या माणसाला दरी दिसावी. आपल्याकडेही २०२१ पासून पुण्या-मुंबईच्या काही गाड्यांना काचेच्या छताचे व्हिस्टाडोम डबे लागतात. सुरेख आहेत, मी स्वतः दोनदा गेलोय. पण फलाट आणि डब्याची उंची काही जुळत नाही. छताला काच लावली म्हणून गुडघ्याला काय त्याचं?

गाडी सुटली. टुसिसनंतर चढ सुरू झाला तशा आजी कान देऊन बसल्या. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “मागं बँकर लावलाय का रे?”

नाही म्हटलं. एकच इंजिन, तेही एकाच टोकाला. दुसऱ्या टोकाच्या डब्यात ड्रायव्हरची केबिन असते, म्हणून येताजाता इंजिन फिरवून लावायला नको. एका दिशेला ते ओढतं, परतताना ढकलतं. चढावर पकड घ्यायला दातेरी रूळही नाही, साधी मीटरगेज.

“चढ किती?”

“एकोणतीसला एक.” म्हणजे एकोणतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

“आमचा घाट सदतीसला एक,” आजी म्हणाल्या. “त्याला आम्ही मागं दोन-दोन, तीन-तीन इंजिनं लावायचो.” ‘आम्ही’ म्हणाल्या. मग स्वतःच पुस्ती जोडली, “पण आपली गाडी केवढी लांब असते! ही पोरखेळासारखी.”

थोड्या वेळानं मी ग्रुपला पाणी वाटत आलो तर आजींनी बाटली घेतली नाही. लेक कानाशी लागून म्हणाली, “दादा, आई प्रवासाच्या दिवशी पाणी पीतच नाही. काल रात्रीपासून घोटभरही नाही. बाथरूमला जावं लागेल म्हणून.”

अकरा वर्षं. बसमध्ये चढल्यावर डोकी मोजली, पासपोर्ट मोजले, पण ‘तहान नाही’ म्हणणारी म्हातारी माणसं खरंच तहानलेली नसतात का, हे कधी मनात आलं नव्हतं. मी लेकीला डब्यातलं टॉयलेट दाखवलं. बटण दाबलं की रुंद दार बाजूला सरकतं, आत खुर्ची वळवण्याइतकी जागा, भिंतीला धरायला दांडा. मायलेकी आत गेल्या. बाहेर आल्यावर आजींनी थर्मासमधला चहा मागितला. एक कप झाला, मग दुसरा. वर म्हणाल्या, “आलं कमी पडलंय.”

लांडवासरचा पूल आला तेव्हा आमची पुरुषमंडळी काच खाली होणाऱ्या खिडक्यांपाशी फोटोसाठी हमरीतुमरीवर आली होती. पूल १९०२ सालचा, पासष्ट मीटर उंच, दगडी, आणि असा वळलेला की आपल्याच गाडीचं तोंड सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरताना दिसतं. हे बघायला आजींना जागचं हलावं लागलं नाही.

पुढे बेर्गुन ते प्रेडा सव्वाचारशे मीटरच्या आसपास चढायचं असतं, म्हणून रूळ डोंगराच्या पोटात गोल गोल फिरवून चांगले लांबवलेत. बेर्गुनचं चर्च कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, दर वेळी आणखी खाली. तिसऱ्यांदा दिसल्यावर आजी म्हणाल्या, “एकच देऊळ किती वेळा दाखवशील?” सगळा डबा हसला. हे तेव्हाच लक्षात आलं की खुर्चीतल्या बाईकडे सकाळपासून कुणी ‘बिचारी’ म्हणून पाहिलंच नव्हतं.

तिथलंही सगळंच काही खुर्चीच्या सोयीचं झालेलं नाही. अपंगांच्या समान हक्काचा त्यांचा कायदा २००४ पासून लागू झाला, सार्वजनिक वाहतूक त्यात बसवायला २०२३ अखेरपर्यंत मुदत होती, आणि ती उलटली तरी बरीच स्टेशनं बाकीच होती. आमचा तो तीन पायऱ्यांचा डबाही याच देशातला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आजींनी मला टेबलापाशी थांबवलं. समोर पाण्याचा ग्लास भरलेला, हात त्यावर झाकणासारखा ठेवलेला.

“आज कुठली गाडी रे? पायऱ्यांची असेल तर आत्ताच सांग, म्हणजे हे प्यायचं की नाही ते ठरवते.”