पिक्चरला पोरं कशी आली

आपल्या शाळेत ‘प्लास्टर’ नावाचा विनोदी चित्रपट झाला होता, हे आताच्या मुलांना ठाऊक नसेल. 2005-06 साली आम्ही नववीतल्या मुलामुलींनी तो केला. लांबी 18 मिनिटं. सहामाही परीक्षा चुकवायला एक मुलगा पायाला खोटं प्लास्टर घालून घेतो आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याच्या तालमीची (आपल्या कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉल संघ असतात) फायनल येते. संघाचा गोलकीपर तोच. एवढीच गोष्ट. पण चित्रपट करण्यापेक्षा तो बघायला आठवी ते दहावीची पोरं गोळा करणं जास्त अवघड होतं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मनोगत लिहायला सांगितलं तेव्हा मला तेच आधी आठवलं.

लहान मुलं पडद्यावर कुणी पडलं तरी हसतात. पालक आपलं पोरगं दिसलं की खूश होतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. तो आधी शेजारच्याकडे बघतो. तो हसला तर हा हसणार. शाळेनं केलंय म्हणजे शेवटी काहीतरी उपदेश असणार, अशी त्याची खात्री असते. मुख्याध्यापिकाबाई मोठ्या मनानं म्हणाल्या होत्या, “शेवटच्या तासाला सगळ्या वर्गांना हॉलमध्ये बसवू.” आमच्या ड्रॉईंगच्या सरांनी हात जोडून नको म्हटलं. बसवलेली पोरं हसत नाहीत, त्यांना यावंसं वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते आम्हाला खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभाजवळ, म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमाच्या स्मारकाजवळ, घेऊन गेले. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यातून सिनेमाकडे वळले. कॅमेरा इथंच, कोल्हापुरात घडवला आणि 1920 साली बाबूरावांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला, हे सगळं सरांनी तिथं उभ्या उभ्या सांगितलं. माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच: बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. चित्रपट करणारा माणूसच तो लोकांपर्यंत कसा न्यायचा याचाही विचार करत होता. सर म्हणाले, “तुमची जाहिरात कथा लिहितानाच सुरू होते.”

म्हणून आम्ही कथेपासूनच प्रेक्षक धरला. संवाद आमच्याच बोलीत ठेवले. “काय मर्दा, पाय मोडला का नशीब?” हे वाक्य पुस्तकी मराठीत म्हणून बघा, कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. मराठीच्या बाईंनी व्याकरणाला हात लावला नाही, पण पहिल्याच दिवशी एक नियम घातला: कुणाचं जाडेपण, काळेपण, तोतरेपण, जात, गरिबी यावर विनोद नाही. “ज्याच्यावर हॉल हसेल तो पोरगा परत येणार नाही, त्याचे दोस्तही येणार नाहीत,” असं त्या म्हणाल्या. आजही शाळा-कॉलेजांतल्या छोट्या फिल्म बघताना मला हा नियम आठवतो आणि बहुतेक ठिकाणी तो पाळलेला दिसत नाही, याचं वाईट वाटतं. आमच्याकडे हसू यायचं ते मुलाच्या लबाडीचं. प्लास्टर कुठल्या पायाला होतं हे तोच विसरतो, तेव्हा प्रत्येकाला आपली कुठलीतरी थाप आठवायची.

फायनलचा प्रसंग शाळेच्या मैदानावर घेतला. प्रेक्षक म्हणून सगळ्या तुकड्यांतली मुलं-मुली बोलावली आणि प्रत्येकाचा चेहरा क्षणभर तरी ओळखू येईल असा कॅमेरा फिरवला. ही सगळ्यात मोठी जाहिरात ठरली. प्रत्येक तुकडीत “मी आहे त्यात” म्हणणारं कुणीतरी तयार झालं.

हॅन्डीकॅम मित्राच्या मामांचा. मिनी डीव्ही कॅसेट. तासाभराचं चित्रण संगणकात घ्यायला तासच लागायचा आणि 13 जीबी जागा जायची, म्हणून काय टिपायचं याचा आधीच विचार व्हायचा. कॅमेऱ्याचा माईक लांबचा आवाज नीट पकडत नाही आणि विनोदात शब्द ऐकू आला नाही तर सगळं संपलं, त्यामुळं बोलायचे प्रसंग जवळून घेतले. कच्ची जुळणी झाल्यावर आठवीच्या काही मुलांना दाखवली. आम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांचे चेहरे बघत होतो. जिथं ती आपापसात बोलायला लागली ते भाग काढले. आणि जिथं मोठं हसू आलं, तिथं पुढचा संवाद थोडा मागं ढकलला, कारण हशात तो बुडत होता. संकलन म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं.

पोस्टर सरांनी आमच्याकडूनच रंगवून घेतलं. पांढऱ्या प्लास्टरमधला एक पाय, त्याला फुटबॉलचा बूट, खाली तारीख आणि वेळ. बाकी एक अक्षर नाही. नोटीस बोर्डावर लावलं नाही. त्या वयात नोटीस बोर्ड वाचतं कोण? सायकल स्टँड, पाण्याची टाकी, गेटबाहेरचा वडापावचा गाडा इथं लावलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या एका मित्रानं तर तालमीच्या फळ्यावर खडूनं तो पाय काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू: “कुणाचा पाय हाय रं?” आम्ही सांगितलं नाही.

पास फुकट होते, पण एका पासावर तिघं. ही कल्पना एका वर्गमैत्रिणीची. या वयात एकटं कुणी येत नाही, घोळका येतो. मग पासच घोळक्याचा करा, असं तिचं म्हणणं. मुलींना उशिरा घराबाहेर राहता येत नाही, हेही तिनंच लावून धरलं. म्हणून खेळ शाळा सुटल्या सुटल्या ठेवला. खिडक्यांना जमखाने बांधून अंधार केला.

हॉल भरला, पोरं दारात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळ लावावा लागला. दुसऱ्या दिवशी आलेल्यांत दुसऱ्या शाळांचे गणवेशही होते.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात नववीची मुलं चित्रपट करत आहेत असं कळलं, फार आनंद झाला. मोबाईलवर आता चित्रीकरण आणि जुळणी सोपी झाली आहे. पण तयार झाल्या झाल्या ग्रुपवर टाकू नका. पहिल्यांदा सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र बसून बघू द्या. एकट्यानं मोबाईलवर बघणारा गालात हसतो, शेजारी दोस्त असला की मोठ्यानं. कच्ची जुळणी झाली की शाळेच्या कार्यालयातून मला निरोप द्या. आवाजाची तपासणी करायला मी नक्की येतो. हॉलमधले पंखे तेव्हाही फार वाजायचे.