कधी सुरू होते, कधी नाही: जुन्या गाडीचं दुखणं

नाशिकला थंडी पडली की जुन्या गाड्या सकाळी रुसतात आणि दोष बॅटरीला दिला जातो. बॅटरी बदलायची घाई नको. आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरले, तर बॅटरी लोडवर, म्हणजे तिच्यावर भार टाकून, तपासून घ्या.

बॅटरी ठीक आहे, पण नुसतं ‘टक्’ होतं? मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी अर्थ वायर बघा, गोम बऱ्याचदा इथेच असते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर बॅटरीची निगेटिव्ह काढून अर्थ वायर सोडवा. वरून वायर धडधाकट दिसते, पण लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट पूड साचलेली असते. पॉलिश पेपरने चकचकीत घासा, बोल्ट घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली.

‘टक्’ही नसेल तर सोलेनॉइडची (सेल्फवरच्या, त्याला करंट देणाऱ्या स्विचची) बारीक वायर, रिले (तिला करंट पोचवणारा छोटा स्विच) आणि इग्निशन स्विच (चावीचा स्विच) तपासा.

सेल्फ जोरात फिरतो, पण द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तापून बंद पडलेली गाडी गार झाल्यावरच सुरू होते? इंजेक्शनवाल्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर घ्या. स्पार्क मात्र गाडी गरम असतानाच तपासा. गार झाल्यावर सगळं ठीकच दिसतं.