डी-डायमरच्या रिपोर्टपायी गेलेला दीड दिवस

एप्रिल २०२१. नाशिकमध्ये बेड मिळत नव्हते, रेमडेसिव्हिरसाठी मेडिकलसमोर रांगा होत्या. बाबांची कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, औषधं सुरू झाली. सहाव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शरीरातली सूज दाखवणारे सीआरपी आणि फेरिटिन, आणि रक्तात गुठळ्या होतायत का याचा अंदाज देणारा डी-डायमर.

सकाळी घरी येऊन रक्त नेलं. संध्याकाळी बाकीचे रिपोर्ट मोबाइलवर आले. सीआरपी ४८, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल्स ८१ टक्के, लिम्फोसाइट्स फक्त १३. डॉक्टर म्हणाले, "लिम्फोसाइट्स घटल्यात, न्यूट्रोफिल्सचं त्यांच्याशी गुणोत्तर सहाच्या वर गेलंय. डी-डायमर आला की लगेच पाठवा."

तो काही येईना. रात्री नऊला लॅबला फोन केला, "प्रोसेसमध्ये आहे ताई." सकाळी आठला पुन्हा तेच. दहाला मी स्वतः जाऊन काउंटरपुढे उभी राहिले. माझ्यापुढे पंधराएक माणसं, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी. साडेबाराला आतून एक मुलगा आला आणि सांगून गेला की सॅम्पल काल दुपारीच रिजेक्ट झालंय. डी-डायमरचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट मोजून घातलेलं असतं, म्हणून नळी खुणेच्या रेषेपर्यंत भरावीच लागते. आमची अर्धीच भरली होती. चूक समजू शकते, त्या दिवसांत ती मुलं रात्रंदिवस राबत होती. पण एक फोन? कालपासून मी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा "प्रोसेसमध्ये आहे"! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. तुमच्या घरी रक्त घ्यायला आले तर त्या निळ्या नळीकडे नीट बघा आणि ती कमी भरली असेल तर तिथेच बोला.

पुन्हा रक्त दिलं. रात्री रिपोर्ट आला, ०.९.

पण तोवर निर्णय झालेला होता. दुपारी लॅबमधून परतल्यावर मी बाबांना घरातच सहा मिनिटं चालायला लावलं. बसल्या जागी ९५ असलेला ऑक्सिजन ९१ वर आला. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, "रिपोर्टची वाट बघू नका, ॲडमिट करा." ऑक्सिमीटर दीड दिवस टेबलावर पडून होता आणि मी लॅबला फोन करत बसले होते, याचं मला फार वाईट वाटतं.

हॉस्पिटलच्या लॅबचा डी-डायमर ६२० आला, तेव्हा माझे हातपाय गार पडले. ०.९ वरून थेट ६२०! तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, आधीचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये होता, हा नॅनोग्रॅममध्ये. म्हणजे आधीचे ९०० होते, आता कमी झाले. आकड्याशेजारी एफईयू लिहिलंय की डीडीयू, तेही पाहा; ही डी-डायमर मोजायची दोन वेगळी एककं आहेत. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो.

आणखी एक. सीआरपी वाढलाय म्हणून घरीच स्टेरॉइड सुरू करू नका. बाबांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ऑक्सिजन लावल्यावर दिलं. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा दिसलेला नाही, हे ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून २०२० मध्येच कळलं होतं. शिवाय साखर वाढते ती वेगळीच.

बाबा अकराव्या दिवशी घरी आले. रिजेक्ट झालेल्या सॅम्पलची माहिती लेखी द्या, असं पत्र मी त्या लॅबला दिलं होतं. उत्तर आलं नाही.