४७ मिनिटांचं स्टँडअप

मंगळवार, रात्री साडेदहा, भुसावळ

कूलर पुढ्यात घेऊन बसलेय तरी घाम थांबत नाही, लाईट दोनदा जाऊन आली. झोप येत नाही त्याचं कारण मात्र गरमी नाही, आमच्या सॉफ्टवेअर टीमची सकाळची रोजची छोटी मीटिंग आहे, जिला स्टँडअप म्हणतात.

आज परत ४७ मिनिटं. दहाची वेळ, सुरू झाली दहा सातला कारण दोघांचं 'आवाज येतोय का' चाललं होतं आणि एक जण चहा आणायला गेला तो गेलाच, आणि संपली दहा चोपन्नला. आम्ही नऊ जण आहोत, पाच पुण्यात, दोघी नाशिकला, एक धुळ्याचा पोरगा, आणि मी इथं माहेरी वरच्या खोलीत. ४७ गुणिले ९ केलं तर सात तासाच्या वर जातं. म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस आम्ही रोज सकाळी फुंकून टाकतो आणि मग संध्याकाळी म्हणतो की वेळ पुरत नाही.

बरं वेळेचं चालवून घेतलं असतं, पण आज धुळ्याच्या पोराचं जे झालं ते मनातून जात नाहीये. आमच्याकडे नावाच्या क्रमाने बोलतात, त्याचा नंबर नेहमी शेवटचा. दहा पन्नासला त्याची पाळी आली, तोवर निम्म्यांचे कॅमेरे बंद, आणि तो हळूच म्हणाला की टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस नाहीये, काल दुपारपासून बसून आहे. मी म्हटलं नंतर बघू. आणि विसरले! चार वाजता आठवलं, दोन मिनिटांचं काम होतं, एक टिक मारायची फक्त. त्याला विचारलं अरे मध्येच बोलायचं ना, तर म्हणे ताई सगळे बोलत होते ना.

सगळे म्हणजे कोण, हे बघायला मग रेकॉर्डिंग लावलं. पुण्याचा आमचा सिनिअर आणि अजून एक जण डेटाबेसच्या मायग्रेशनवर, म्हणजे डेटा हलवायच्या कामावर, १४ मिनिटं, बाकी सात जण नुसते बसलेले. आणि माझा स्वतःचा आवाज ११ मिनिटं. मी तर समजत होते मी फक्त ऐकते. प्रत्येकाला 'का', 'मग कधी', 'त्याचं काय झालं', आणि मी विचारलं की समोरचा काल किती राबला ते सांगायला लागतो, का तर ताईला वाटू नये बसून होता. हजेरी घेतल्यासारखं झालंय सगळं.

स्क्रम म्हणजे आमची टीमने काम करायची पद्धत, तिच्या गाईडमध्ये स्वच्छ लिहिलंय की डेली स्क्रम, म्हणजे हीच रोजची मीटिंग, १५ मिनिटांची, रोज त्याच वेळी त्याच जागी, आणि ती काम करणाऱ्यांसाठी असते, ठरलेल्या उद्दिष्टाकडे चाललोय का ते बघून आजचा बेत बदलायचा एवढ्यासाठी. ते 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न तर २०२० च्या आवृत्तीतून काढून पण टाकले. आम्ही अजून तेच पाढे म्हणतोय, आणि त्यातला कालचा पाढा सगळ्यात लांब.

जेवताना आप्पांना सांगितलं. आप्पा रिटायर स्टेशन मास्तर. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "येवढं काय बोलता व तुम्ही?" मग त्यांचं सुरू झालं, की पुढच्या स्टेशनाला लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची, गाडी नंबर सांगायचा, समोरचा तेच परत म्हणणार, परवानगीची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर देणार, तो लिहायचा, वेळ टाकायची, फोन खाली. तो नंबर एकदा वापरला की शीटवर खोडायचा, परत चालत नाही. "कालची गाडी कशी गेली हे कोनी नाही विचारत. गेली ती."

ऐकायला भारी वाटलं, पण हेच आप्पा संध्याकाळी चहाला गेले की दीड तास परत येत नाहीत. आणि त्यांचं एक बरं होतं, लाईन एकतर क्लिअर असते नाहीतर नसते. आमच्याकडे '९० टक्के झालंय' नावाची गाडी तीन तीन आठवडे आऊटरला उभी असते.

शुक्रवार, संध्याकाळ, गच्चीवर

बुधवारपासून तीन गोष्टी बदलल्या. उशिरा येणाऱ्यासाठी थांबायचं नाही. नावाप्रमाणे नाही तर कामांच्या बोर्डाप्रमाणे जायचं, ज्यावर काम डावीकडून उजवीकडे सरकतं, म्हणजे जो अडकलाय तो आधी, मग उजवीकडून, जे संपत आलंय त्याच्यापासून. आणि दोघांचंच बोलणं निघालं की दोघांची नावं आणि वेळ लिहून ठेवायची, कारण नुसतं 'ऑफलाईन घेऊ' म्हटलेलं आमच्याकडे आजवर कोणी घेतलेलं नाही. चौथी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, मी माझा माईक बंद ठेवते.

बुधवारी फार विचित्र झालं. पहिला बोलून थांबला आणि गप्प, सगळे स्क्रीनवर माझ्याकडे बघतायत, मी कूलरच्या जाळीकडे बघतेय. बोलायची इतकी उबळ आली होती की पाण्याची बाटली तोंडाला लावून बसले. मग नाशिकची टेस्टिंगवाली डायरेक्ट धुळ्याच्या पोराला म्हणाली, तुझं मला दुपारी मिळेल का, तो म्हणाला दोनपर्यंत देतो. बास, एवढंच! दोन महिन्यांत ते दोघं मीटिंगमध्ये एकमेकांशी पहिल्यांदा बोलले असतील.

बुधवारी २६ मिनिटं, काल २१, आज १८. पंधरावर अजून आलेलं नाही. आज मी माईक उघडला होता, एकदाच, पण तीन मिनिटं खाल्ली.

इकडे आईचे बिबडे चाललेत, पहाटे पाचला ज्वारीचा घाटा चुलीवर, ऊन चढायच्या आत गच्चीवर थापून मोकळं. आज मीटिंग दहा अठराला संपली म्हणून मी लगेच वर गेले आणि ओलसर बिबडा तोंडात टाकला. आईनं विचारलं, "आज जिरा जिरा नाही केलं का?" जिरा (Jira) हे आमचं कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर, पण तिला अजून वाटतं की आम्ही रोज सकाळी जिऱ्याचा हिशोब करतो, आणि नेमका तिच्या घाट्यात जिरा कमी पडलेला.

सहाला सिनिअरचा फोन आला. म्हणे हल्ली माझं मायग्रेशन कोणी ऐकतच नाही. मी फोन स्पीकरवर टाकला आणि वाळलेले बिबडे डब्यात भरायला घेतले, एक डबा भरला, दुसरा भरला, आई खालून कुलूप लावू का विचारायला लागली तरी तो अजून इंडेक्सवरच होता.