बाईक चार्जिंग घेत नव्हती, आणि बॅटरीवाला-सर्व्हिस सेंटरमध्ये माझा पावसाळा गेला

बाईकची बॅटरी सारखी उतरत असेल तर बॅटरीच्या दुकानात जायच्या आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजायचा मीटर लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. ते मला कुठल्याच काउंटरवर कुणी करून दिलं नाही आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून एवढं सगळं लिहितोय.

माझी बाईक बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमांची), फ्युएल इंजेक्शनवाली, किक नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला धक्का मारला की काम भागायचं, इथं बॅटरी पूर्ण बसली की फ्युएल पंपच चालत नाही, कितीही ढकला. कोल्हापूर-गगनबावडा असं माझं येणं-जाणं, आणि गगनबावड्याचा पाऊस कसा असतो ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आधी हॉर्नचा आवाज बसल्यासारखा यायला लागला, मग डॅशबोर्डवरचं घड्याळ रोज सकाळी परत शून्यावर, मग सेल्फ मारला की नुस्तं कट कट कट.

बॅटरी वॉरंटीत होती. बिल होतं, शिक्का मारलेलं कार्ड होतं, कागदाचा काहीच प्रश्न नव्हता. दुकानदार म्हणाला, "दादा, ठेवून जा, चार्जिंगला लावून बघतो." ठेवली. त्यानं रात्रभर चार्ज केली, लोड टेस्टर (भार देऊन बॅटरी तपासायचं यंत्र) लावला, काटा हिरव्यात. "बॅटरी पास आहे, तुमच्या बाईकमध्ये फॉल्ट आहे." ठीक आहे म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथं पोचेपर्यंत बॅटरी परत अर्धी झालेली, त्यांनी बंद बाईकवर मीटर लावला, १२.१ व्होल्ट दिसले, आणि लगेच निकाल, "सर, बॅटरी वीक आहे, बदलून घ्या. वॉरंटी बॅटरी कंपनीची असते, आमच्याकडं येत नाही." परत दुकान, परत रात्रभर चार्जिंग, परत पास. परत सर्व्हिस सेंटर, परत वीक. प्रत्येक वेळी रांग, प्रत्येक वेळी "माणूस जेवायला गेलाय", आणि मधल्या काळात मी एसटीनं.

चीड कशाची येते सांगतो. दुकानदाराच्या क्लेम फॉर्मवर एक रकाना होता, "वाहनाचं चार्जिंग व्होल्टेज". तो प्रत्येक वेळी रिकामा. मी विचारलं हे कोण भरणार, तर म्हणे सर्व्हिस सेंटरनं भरून आणा. सर्व्हिस सेंटरला म्हटलं भरून द्या, तर तो म्हणाला आम्ही दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मवर सही करत नाही. मग निदान तुमच्याच जॉब कार्डवर लिहा बॅटरी खराब आहे म्हणून, तर तेही नाही, तोंडी सांगायला मात्र एकदम ठाम. शेवटी सुपरवायझरनं वायर तपासली म्हणून सांगितलं, म्हणजे मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते बघायची सेटिंग) ठेवून दोन टोकांना पिना लावल्या, बीप वाजला, वायर ओके. आणि एस्टिमेट दिलं: रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग), स्टेटर कॉईल (इंजिनमधली वीज बनवणारी कॉईल), जमलं तर पूर्ण वायरिंग किट, नऊ हजारांच्या पुढं. नेमकं काय खराब आहे विचारलं तर उत्तर, "एकेक बदलून बघू."

त्या रिकाम्या रकान्यानंच मला शेवटी कामाला लावलं. म्हटलं तो आकडा मीच भरतो. चार-पाचशे रुपयांत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, आणला.

चांगली बॅटरी बंद बाईकवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून पाच हजार आरपीएमपर्यंत रेस दिली की साधारण १३.५ ते १४.८ यायला पाहिजे, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला आणि बॅटरी उकळणार. हेडलाइट बंद करून बघा असं काहीजण सांगतात, पण २०१७ च्या एप्रिलपासूनच्या दुचाक्यांना ते बटणच नाही, लाइट कायम चालू, त्यामुळं तो लोड धरूनच मोजायचं. माझ्या बाईकवर आयडलला (रेस न देता) १२.२ आणि पाच हजारला १२.६, त्याच्या वर जाईना. म्हणजे चार्जिंग बॅटरीपर्यंत येतच नव्हतं! फॉर्ममधला रकाना कुणीही भरला असता तर पहिल्याच फेरीत कळलं असतं.

कॉईल तपासायला उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरी कपलरमधून (वायरी जोडायचा प्लग) सोडवल्या, मीटर एसीवर ठेवला आणि दोन-दोन वायरींत मोजलं. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा, रेस दिली की सारखाच वर जाणारा. मग इंजिन बंद करून पिवळी वायर आणि बॉडीमध्ये कंटिन्युइटी, काही नाही, म्हणजे कॉईल अर्थ झालेली (बॉडीला चिकटलेली) नाही. "कॉईल चांगली हाय, उगं पैसे घालवू नका," म्हणाले आणि एक रुपया घेतला नाही. रिवाइंडिंगचं काम हातातनं जात असताना. असा माणूस भेटला की बरं वाटतं.

हां, एक आधीच सांगायला पाहिजे होतं. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "बघू बंद पडते का" असली टेस्ट रस्त्यावर बरेच मेकॅनिक करतात, इंजेक्शनच्या गाडीवर कुणालाही ती करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

तर कॉईल चांगली, बॅटरी चांगली. घरी येऊन रेग्युलेटरमधून बाहेर पडणाऱ्या लाल वायरवर, कपलरच्या मागच्या बाजूनं टाचणी घालून मोजलं. १४.४! म्हणजे रेग्युलेटरही चांगला. आणि त्याच क्षणी बॅटरीवर १२.६. एकाच वायरच्या दोन टोकांत १.८ व्होल्ट गायब. खात्रीला मीटरची लाल पिन रेग्युलेटरच्या आउटपुटवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर ठेवली, इंजिन चालू, सरळ १.८ दिसले. इथं ०.२-०.३ च्या वर काहीही आलं की मधे कुठंतरी सांधा खराब आहे. मायनसच्या बाजूलाही असंच बघायचं, माझ्याकडं तिथं जवळपास शून्य होतं.

सीटखालचा कपलर उघडला तर लाल वायरची पिन हिरवी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. पाच अँपिअर धरले तरी १.८ गुणिले पाच म्हणजे नऊ वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेत. आणि रेग्युलेटर स्वतःच्या टोकाला व्होल्टेज पुरेसं बघून गप्प बसतो, पुढं बॅटरीला काय मिळतं हे त्याला कळत नाही. सर्व्हिस सेंटरचा बीप का वाजला तेही इथं समजलं, अशा सांध्याचा रेझिस्टन्स ओहमच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो, तेवढ्याला मीटर बीपच देतो. करंट वाहत असतानाच हा फॉल्ट पकडता येतो, बंद गाडीवर कधीच नाही.

नवीन कपलर, पितळी टर्मिनल वायरवर नीट दाबून (क्रिंप करून), वर सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह, आत थोडं व्हॅसलीन. सगळं दोनशे रुपयांच्या आत. बॅटरी काढताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. चालू केली, पाच हजारला बॅटरीवर १४.२. सेल्फचा एक घाव. मला फार भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

बॅटरी इतके दिवस अर्धी राहिल्यानं आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरायला लागला होता बहुतेक, पण कमी अँपिअरच्या चार्जरवर सावकाश चार्ज केली आणि सध्या तरी सकाळी १२.७ दाखवते. तुमची पण अशी आठवडेच्या आठवडे दुकानात-गाडीत फिरत असेल तर निदान पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा.

आणि जीपीएस ट्रॅकर लावला असेल तर चावी बंद करून मायनसच्या वायरमध्ये मीटर अँपिअरवर लावून किती खेचतो तेही बघा, थोडे मिलीअँपिअर चालतात. फक्त तसा मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.