आमची वाटचाल: चाळीस पॉइंट ते पन्नास पॉइंट

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात बिअर तयार होत नाही. आम्ही मॅश टन, म्हणजे भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजेच जव) गरम पाण्यात ठेवून गाळायची जाळीची टाकी, बनवतो, माल्ट भरडायच्या दोन रोलरच्या गिरण्या बनवतो आणि ब्रुअरींना नवी रेसिपी आजमावायला लागतात ते ५० लिटरचे छोटे संच बनवतो. प्रत्येक संच बाहेर पडण्याआधी त्यात खरं माल्ट घालून चाचणी होते. वर्ट काढायचं, त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे त्यात किती साखर उतरली ते, मोजायची, वहीत लिहायची आणि तिथेच थांबायचं. यीस्टचा कणही आमच्या गाळ्यात आजवर आलेला नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, परवान्याशिवाय घरातसुद्धा बिअर काढता येत नाही, आणि हा नियम मी कधी मोडलेला नाही. वर्ट म्हणजे नुसतं गोड पाणी. चाचणीच्या दिवशी शेजारच्या गाळ्यातली पोरं चार वाजता चहाऐवजी तेच गरमागरम पितात. चोथा तबेल्यात जातो.

म्हणजे आमचं सगळं काम यीस्ट पडायच्या आधी संपतं आणि ते एका आकड्यावर उभं असतं. म्हणूनच ‘तुमच्या टनातून ग्रॅव्हिटी येत नाही’ हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं.

मी मूळचा वागळे इस्टेटचा. औषध कंपन्यांची स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं वेल्डिंग केलं. २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू झाली, मग हळूहळू मुंबईकडेही चौकशा येऊ लागल्या. परदेशातून आलेल्या एका टनाची जाळी वाकली म्हणून ती सरळ करायला माझ्याकडे आली. दिवसभर ती उलटसुलट करून पाहिली आणि संध्याकाळी काकांना म्हटलं, हे आपल्याला जमेल.

काका म्हणजे आमच्या वर्कशॉपचे टर्नर. त्या वर्षी निवृत्त होणार होते. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी न चुकता. बिअरच्या कामाला ते हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सातूला मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं आणि कोमट पाण्यात ठेवायचं, असंच ना?” मी हो म्हटलं. “मग हे आमच्या आईच्या नाचणीच्या सत्त्वासारखंच झालं. मोड आले की दाण्यात गोडवा उतरतो. तिथपर्यंत मी आहे. पुढचं ज्याचं त्याने बघावं.” भागीदारीचा आमचा करार एवढाच. कागदावर तो दोन वर्षांनी आला.

पहिल्या गिरणीचे रोलर काकांनी लेथवर स्वतः काढले. नर्लिंग (रोलरवरची खाचांची नक्षी) किती खोल असावं यावर तीन आठवडे गेले. फार खोल असलं की टरफल फाटतं आणि नंतर मॅशचा (गरम पाण्यात भिजलेल्या भरडीचा) निचरा अडतो, उथळ असलं की दाणा रोलरवरून घसरतो. टरफल अख्खं राहायला हवं आणि आतला पिठूळ भाग चार-पाच तुकड्यांत सुटायला हवा. अंतर ठरवायला काकांकडे फट मोजायच्या पातळ पात्यांचं एक जुनं फीलर गेज होतं, पात्यांवरचे आकडे पुसट झालेले. ते बोटाने पातं ओळखत. रोलरच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला अशा तीन ठिकाणी पातं घालून बघायचे. पातं अडखळत सरकलं पाहिजे. सहज सरकलं तर अंतर जास्त. आमच्या जाळीतल्या फटी तेव्हाही लेझरने कापलेल्या होत्या आणि आजही आहेत, पण गिरणीचं अंतर मात्र हातानेच लागतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ठाण्याच्या एक ताई. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना ताईच म्हणत आलो. शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, आणि एका ब्रुअरीत नुकत्याच मुख्य ब्रुअर झालेल्या. ५० लिटरचा संच घेतला आणि पहिल्याच चाचणीला स्वतः आल्या, स्वतःची वही घेऊन. माल्टचं वजन, पाण्याचं तापमान, मॅशचा पीएच, आयोडीनचा थेंब किती मिनिटांनी निळा पडायचा थांबला, पहिल्या वर्टची ग्रॅव्हिटी, उकळीआधीचं आणि नंतरचं मोजमाप, सगळं त्यात. आमच्याकडे वही ठेवायची पद्धत त्यांच्यामुळे आली.

पुढची पाच वर्षं बरी गेली. २०१७ साली महामार्गापासून ५०० मीटरच्या आदेशाने ऑर्डरी थोड्या थंडावल्या, पण निभावलं.

मग आला तो पावसाळा.

एका नव्या ब्रुअरीला आम्ही ५०० लिटरचा टन दिला होता. तळघरात बसवलेला. गिरणी मात्र त्यांनी आमच्याकडून घेतली नाही, दुसऱ्या एका फॅब्रिकेटरकडून घेतली, कारण ती अठरा हजारांनी स्वस्त होती. बोलण्यात मी ७५ टक्के एफिशिएन्सीचा, म्हणजे माल्टमधून उतरू शकते त्यातली ७५ टक्के साखर वर्टमध्ये येईल असा, शब्द दिला होता. हिशेब ब्रुअर मंडळींना पाठ असतो, तरी मांडतो. साध्या पाण्याची ग्रॅव्हिटी १.०००, त्याच्या वरचा प्रत्येक हजारावा भाग म्हणजे एक पॉइंट. आपल्या बेस माल्टचा एक किलो पूर्ण उतरला तर एका लिटरला साधारण ३०० पॉइंट देतो. १०० किलोचे ३०,००० पॉइंट. ७५ टक्के म्हणजे २२,५००. ४५० लिटरने भागले की ५०, म्हणजे १.०५०. त्यांच्या हायड्रोमीटरवर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या काचेच्या नळीवर, आलं १.०४०. साठ टक्के.

एकदा नाही, सलग चार बॅचना. मालकांनी शिल्लक चाळीस टक्के रक्कम अडवली. ते मी समजू शकलो. पण त्यांना गिरणी विकणारा तो गृहस्थ पुढच्या पंधरा दिवसांत माझ्या तीन गिऱ्हाइकांकडे जाऊन आला आणि सांगून आला की रबाळेवाल्याच्या जाळीत दोष आहे, पाणी कडेकडेने निघून जातं, माल्ट धुतलंच जात नाही. दोन ऑर्डरी रद्द झाल्या. स्टीलवाल्याची उधारी थकली. वेल्डिंगच्या दोन मुलांना मी घरी बसा म्हणून सांगितलं, ते सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही. बायकोने न विचारता पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या गहाण पडल्या आणि गाळ्याचं भाडं गेलं.

मी तीनदा त्या ब्रुअरीत गेलो. गिरणीला हात लावू दिला नाही. “गिरणी नवीन आहे, तुम्ही तुमच्या टनाचं बघा.” शेवटी त्यांच्याकडच्या एका ज्युनिअर मुलाने भरडलेल्या माल्टची दोन किलोची पिशवी आणि न भरडलेल्या माल्टची एक पिशवी रात्री घणसोली स्टेशनवर आणून दिली. त्याचं नाव मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

काकांनी वर्तमानपत्र पसरलं आणि भरड ओतली. चष्मा पुसला. टरफलांसकट एकेक दाणा बाजूला करत शंभर मोजले. शंभरात अकरा अख्खे. पुन्हा वेगळ्या मुठीतून शंभर मोजले. दहा. तिसऱ्यांदा बारा. अख्ख्या दाण्यातून काही उतरत नाही, तो मॅशमधून जसा जातो तसाच बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने गिरणीत पातं घालून फोन केला. अंतर १.४ मिलिमीटर, आणि ते बदलायला स्क्रूच नव्हता. जाड, एकसारख्या युरोपियन दोनओळी (कणसावर दाण्यांच्या दोन ओळी असलेल्या) जवाला तेवढं चालूनही जाईल. राजस्थान-हरियाणाकडच्या सहाओळी जवात बारीक दाणेही असतात, ते १.४ मधून तसेच निसटतात.

पण अकरा दाण्यांनी दहा पॉइंटचा खड्डा भरत नव्हता, आणि अर्धवट उत्तर घेऊन त्या माणसासमोर मला उभं राहायचं नव्हतं. न भरडलेलं माल्ट घेऊन मी वाशीच्या दाणा बाजारात गेलो. तिथे एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे. ताजं माल्ट चार-पाच टक्क्यांचं असतं. हे भरलं आठ. पोती तळघराच्या ओल्या फरशीवर, तोंड उघडी ठेवून रचलेली मी स्वतः पाहिली होती. काट्यावर १०० किलो भरत होते, पण त्यातले चार किलो जुलैचा पाऊस होता.

तिसरी गोष्ट ताईंनी काढली. मी त्यांना फोनवर सगळं सांगत होतो आणि त्या मध्येच म्हणाल्या, “दादा, ते ग्रॅव्हिटी बघतात तेव्हा वर्ट किती अंशांवर असतं?” त्या मुलाला विचारलं. एकतीस-बत्तीस. हायड्रोमीटरवरचे आकडे २० अंशांच्या वर्टसाठी आखलेले. म्हणजे काच तीन पॉइंट कमी दाखवत होती.

त्या रात्री गाळ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलं. पन्नासातून ओलाव्याचे दोन गेले, अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसातून अकरा टक्के अख्ख्या दाण्यांचे गेले, त्रेचाळीसच्या आत. त्यातून काचेने खाल्लेले तीन गेले, चाळीस. काका बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मग एवढंच म्हणाले, “जाळी साफ आहे.” आमच्या जाळीचा त्या दहात एकही पॉइंट नव्हता. तो खडू मी कितीतरी महिने पुसला नाही.

मग ताईंच्या ब्रुअरीतून एकाच पोत्यातलं कोरडं माल्ट आणलं. पाच किलो आमच्या गिरणीत एक मिलिमीटरला भरडलं, पाच किलो १.४ ला. एकच टन, एकच पाणी, ६६ अंशांवर एक तास, ७६ अंशांच्या पाण्याने धुवून दोन्हीकडे २२.५ लिटर. २० अंशांपर्यंत थंड करून मोजलं तर एक १.०५०, दुसरं १.०४५. ताई स्वतः साक्षीला होत्या. त्याच दिवशी त्यांनी पुढच्या टनाची पूर्ण रक्कम आगाऊ दिली. काम सुरूही झालं नव्हतं. ती रक्कम नसती तर हा मजकूर लिहायला आज मी गाळ्यात नसतो.

मालकांनी गिरणी बदलली, पोती लाकडी फळ्यांवर चढली, ग्रॅव्हिटी आली. माझी शिल्लक चौदा महिन्यांनी मिळाली, तीही तीन हप्त्यांत. ‘टन चांगला आहे’ हे शब्द मात्र आजवर त्यांच्या तोंडून आलेले नाहीत. आणि तो गिरणीवाला ज्या तिघांकडे जाऊन आला होता त्यांच्याकडे परत कधी गेला नाही. बोललेलं मागे घ्यायला कोण जातं? त्यातले दोघे मला आजही ‘ते जाळीवाले ना?’ असं विचारतात.

कुणी विचारलेलं नाही, पण सांगतो. भरड डोळ्याने बघू नका, शंभर दाणे मोजा. दोनांपेक्षा जास्त अख्खे सापडले तर मॅश सुरू करू नका. जूनच्या आधी माल्ट हवाबंद पिंपात भरा. आपल्याकडचं धरणाचं पाणी पावसाचं आणि मऊ असतं, फिक्या माल्टला पीएच वर राहतो, तेव्हा थोडं जिप्सम किंवा लॅक्टिक अॅसिड घालून ५.४ च्या आसपास आणा. उकळतं वर्ट किती लिटर आहे ते पट्टीने मोजलंत तर चार टक्के वजा करा, गरम पाणी फुगलेलं असतं. आणि ९० टक्क्यांच्या मागे धावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. शेवटच्या थेंबापर्यंत धुतलं की टरफलाचा तुरटपणा उतरतो. दर बॅचला ७४-७५ येऊ दे, रेसिपी त्यावरच बांधा. एकदा ८२ आणि एकदा ६८ आलं तर तुम्हाला काय बनवायचं होतं तेच तुम्हाला ठाऊक नाही.

२०२० मध्ये सगळे बार बंद होते, तेव्हा वेल्डिंगची ती दोन्ही मुलं परत आमच्याकडेच होती. आम्ही स्वयंपाकघरातली स्टीलची टेबलं बनवली. पाटल्या त्याच्या आधीच सोडवून आणल्या होत्या.

काका आता संगमेश्वरला गावी असतात. गुडघ्यामुळे वारीला जाता येत नाही. जाताना फीलर गेज माझ्या टेबलाच्या खणात ठेवून गेले. मुलगा नवं डिजिटल घेऊन आला आहे, तेही चांगलं आहे, पण गिरणी बाहेर पडायच्या दिवशी मी खण उघडतो.

परवा दुपारी ताईंचा फोन आला. पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली होती, पत्र्यावर एवढा आवाज होता की मी आत स्टोअरमध्ये जाऊन बोललो. आमच्या नव्या टनावरची पहिली बॅच निघाली होती.

“दादा, १.०४९.”

मी विचारलं, किती अंशांना?

“पंचवीस,” त्या म्हणाल्या, आणि मी वहीत १.०५० लिहिलं.